भंडारदऱ्याला जेवायचं कुठे? शेंडी ते साम्रद, धरणाभोवतीची एक फेरी

हे या भागाचं लिखित रूप. ऐकताना गावांची नावं पटापट निघून जातात, म्हणून इथे सावकाश वाचा. आणि एक काम आत्ताच करा, भाग डाउनलोड करून ठेवा. घाटघरच्या वळणावर रेंज गेली की माझा आवाजही जाणार आहे.

तर गेले काही दिवस तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरतोय. "भंडारदऱ्याला चाललोय, जेवायला चांगलं हॉटेल सांग ना." मी सांगू शकतो. शेंडीत, म्हणजे धरणाच्या भिंतीलगतच्या गावात, रस्त्याला लागून हॉटेलं आहेत. तिथे पोहे मिळतात, मिसळ मिळते, राइस प्लेट मिळते, पनीरही मिळतं. भूक भागते. पण तुम्ही दोनशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवून पनीर खायला जात असाल तर हा भाग तुमच्यासाठी नाही.

इथलं खरं जेवण घरांत आहे. रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, मुतखेल, कोलटेंभे ही सगळी धरणाच्या काठाकाठाने वसलेली गावं. यातल्या बऱ्याच घरांमध्ये पाहुण्यांसाठी जेवण करून देतात. बाहेर पाटी असेलच असं नाही, मेनूकार्ड तर नाहीच. आधी फोन करायचा, किती माणसं ते सांगायचं, व्हेज की नॉनव्हेज ते सांगायचं आणि सांगितलेल्या वेळेला पोचायचं. एवढी एकच पद्धत. ती कळली की भंडारदऱ्याची ट्रिप बदलते. ती का तशी आहे, ते आज नीट सांगतो.

सुरुवात भाकरीपासून करू.

समजा तुम्ही पंधरा जण आहात. कॉलेजचा ग्रुप, सकाळी सांदण दरी उतरून आलेला, म्हणजे भूक कशी असेल ते सांगायला नको. माणशी तीन भाकऱ्या धरल्या तर पंचेचाळीस. इथे भाकरी तांदळाची किंवा नागलीची. तांदळाच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्यामुळे ते नुसतं गार पाण्यात भिजवून चालत नाही. उकळत्या पाण्यात पीठ घालून, वाफ आणून, मग गरम असतानाच मळावं लागतं. मग गोळा, थापणं, तवा, पाणी फिरवणं, निखाऱ्यावर फुगवणं. सरावाच्या हाताला एका भाकरीला तीन मिनिटं पकडा. पंचेचाळीस भाकऱ्या म्हणजे सव्वादोन तास, चुलीसमोर, धुरात बसून. हे नुसत्या भाकरीचं. कोंबडी कापायची, वाटण पाट्यावर किंवा मिक्सरवर वाटायचं (वीज असेल तर मिक्सर, नाहीतर पाटा आहेच), भात, आमटी, ठेचा हे वेगळंच.

आता तुम्ही दुपारी दीडला अचानक दारात उभे राहून "मावशी, पंधरा थाळ्या, जरा लवकर" म्हणालात तर काय होणार? एक तर त्या नाही म्हणतील, किंवा लाजेकाजेस्तव हो म्हणतील आणि तुम्ही चार वाजता जेवाल. मग रेटिंगमध्ये लिहाल, "सर्व्हिस स्लो." अरे बाबा, ती सर्व्हिस नाही, ते कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. फोन करून वीस थाळ्या सांगायच्या आणि मग प्लॅन बदलला म्हणून जायचंच नाही, हे प्रकार खूप होतात. मी एकदा एका वाडीत संध्याकाळी पोचलो होतो. त्या ताईंनी ताटात एवढं वाढलं की मी म्हटलं, आम्ही तिघंच आहोत. त्या म्हणाल्या, "खा रे दादा, दुपारचा ग्रुप आलाच न्हाई. दोन कोंबड्या कापल्या व्हत्या." रागावलेल्या नव्हत्या. पण दोन गावठी कोंबड्या म्हणजे त्या घरातले रोख पैसे असतात. शहरातल्या हॉटेलात तुम्ही नाही आलात तर टेबल दुसऱ्याला मिळतं. इथे दुसरा येत नाही, पुढचं गाव पाच-सात किलोमीटरवर असतं. त्यामुळे माझा नियम असा आहे, फोनवर ऑर्डर दिली की निम्मे पैसे लगेच पाठवायचे. कुणी मागत नाही, तरी पाठवायचे. आणि प्लॅन बदलला तर आदल्या रात्रीच कळवायचं, कोंबडी जिवंत असताना.

बरं, हे नंबर कुठून आणायचे? मी इथे कुणाचाही खाजगी नंबर देणार नाही, तशी परवानगीही नाही. सोपा मार्ग सांगतो. तुम्ही ज्या तंबूवाल्याकडे किंवा घरगुती मुक्कामाला राहणार असाल, त्यालाच विचारा की स्वयंपाक कोण करतं आणि कुठे करतं. उत्तर "आमच्या घरी, आई करते" असं आलं तर उत्तम. सांदणसाठी साम्रदचा वाटाड्या घेणार असाल तर त्याच्या घरचं जेवण हा सगळ्यात चांगला सौदा. वाट दाखवण्याचे आणि जेवणाचे पैसे एकाच घरात जातात आणि तो तुम्हाला वेळेवर परत आणतो, कारण घरी भाकरी थंड होत असते.

आता ताटात काय येतं, आणि तेच का येतं?

नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला कोकण, मधे सह्याद्रीची उभी भिंत, आणि भिंतीच्या बरोबर डोक्यावर घाटघर. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. म्हणून घाटघरला नगर जिल्ह्याची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, चेरापुंजी म्हणतात. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस इथे सहज पडतो. तिथून पूर्वेला उतरत राजूर, अकोले करत संगमनेरला या. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. गाडीने जेमतेम दोन-अडीच तासांचं अंतर! म्हणून वर भात, नागली, वरई आणि खाली बाजरी, ज्वारी. घाटघरला जाऊन बाजरीची भाकरी मागणं म्हणजे गोव्यात जाऊन पुरणपोळी मागण्यासारखं आहे. देतील बिचारे, पण कशाला?

डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत इथे काळा उडीद आणि खुरासणी होते. त्यामुळे आमटी तुरीची असेलच असं नाही, सालासकट उडदाची दाट, काळपट आमटी मिळाली तर नशीब समजा. दिसायला फोटोजेनिक नाही, सांगून ठेवतो. रीलमध्ये चिखलासारखी दिसते. पण नागलीच्या भाकरीबरोबर लसणाची फोडणी दिलेली ती आमटी आणि वर खुरासणीची चटणी, यापुढे मी कोंबडीसुद्धा बाजूला ठेवतो. अडचण अशी की पाहुण्यांना हे देताना घरच्यांना संकोच वाटतो. "हे काय, आमचं रोजचं" म्हणून ते कोंबडी किंवा वांगं-बटाटा करतात. म्हणून फोनवरच सांगायचं, "ताई, तुम्ही घरी जे खाता ते करा. उडदाची आमटी जमेल का?" पलीकडे आधी हसू येतं, मग आवाजच बदलतो. करून बघा.

भाताचं सांगतो. अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात काळभात नावाचं जुनं वाण आहे. त्याचं टरफल काळं असतं, आत तांदूळ पांढरा आणि वास असा की शिजताना अंगणापर्यंत येतो. उत्पादन कमी येतं म्हणून मधल्या काळात बरेच शेतकरी इंद्रायणीसारख्या किंवा संकरित वाणांकडे वळले. राहीबाई पोपेरे हे नाव तुम्ही ऐकलंच असेल, बीजमाता म्हणून. त्या याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळणे गावच्या. घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली, २०१८ला बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२०ला पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामात बाएफ या संस्थेची साथ होती. आपण बातमी शेअर करून मोकळे होतो. पण ते बियाणं शेतात टिकायचं तर तो तांदूळ कुणीतरी विकत घेऊन खायला लागतो. तुमची थाळी हा त्यातला भाग आहे. म्हणून विचारा, "भात कोणता आहे?" काळभात असेल तर दोन पैसे जास्त द्या, कारण पिकवणाऱ्याला एकरी कमी मिळालेला असतो.

आता कधी जायचं, कारण इथे मेनू महिना ठरवतो.

पावसाळा हा राजा. जूनच्या पहिल्या सरींना शेवळं येतात, जमिनीतून थेट वर येणारा जांभळट कोंब. ही भाजी नीट केली नाही तर घसा असा खाजतो की विचारू नका. त्यात सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात. त्यावर उतारा म्हणून काकड नावाचं आंबट रानफळ किंवा चिंच घालतात. दोन्ही गोष्टी एकाच मोसमात, एकाच रानात येतात आणि कुठल्या तरी आजीच्या आजीला हे कळलं होतं. मग टाकळा, कुर्डू, करटुली, चाईचा मोहोर, बांबूचे कोवळे कोंब असं जुलै-ऑगस्टभर चालू राहतं. रात्री बॅटरी घेऊन ओढ्यावर गेलेली पोरं काळ्या पाठीचे खेकडे आणतात, त्याचं झणझणीत कालवण होतं. पोट नाजूक असेल तर जपून. आणि कृपा करून रानभाजी ॲपवर ओळखून स्वतः तोडायला जाऊ नका. घरातली बाई जे आणते तेच खा.

धरणाचा मासा वर्षभर विचारता येतो, पण कोणता ते त्या दिवशीच्या जाळ्यावर आहे. काहीच लागलं नाही तर पिठलं. इथे चिडचिड करणारे पाहिले आहेत मी. बाहेरच्या शीतपेटीतला मासा आणून तळून दिला असता तर हेच लोक खूश झाले असते.

हिवाळ्यात नवा तांदूळ, वालाच्या आणि घेवड्याच्या शेंगा, गावठी कोंबडी. थंडी कडक असते, चुलीजवळची जागा पटकावा. उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, करवंदं आणि जांभळं. याच दिवसांत अंगणात काळपट सुरकुतलेली छोटी फळं वाळत घातलेली दिसतील. त्यावर पाय देऊ नका, चप्पल घालून फोटो तर मुळीच नको. तो बाळहिरडा आहे. औषधासाठी विकला जातो आणि महादेव कोळी कुटुंबांचं उन्हाळ्यातलं महत्त्वाचं उत्पन्न तेच आहे.

चला, आता फिरूया. धरणाभोवती रस्ता आहे. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल करत परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची फेरी, पण मॅपवर दिसणारी वेळ विसरा. रस्ता अरुंद आहे, पावसाळ्यात खड्डे आणि धुकं. माझं ऐकाल तर सकाळी लवकर निघा, घाटघरला पहिला थांबा, जेवण साम्रद किंवा रतनवाडीत सांगून ठेवा आणि संध्याकाळी धरणाच्या भिंतीकडे या.

धरणाची गोष्ट थोडक्यात. काम १९१०ला सुरू झालं, १९२६ला पूर्ण झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या नावाने विल्सन डॅम. उंची साधारण ८२ मीटर, साठा ११ टीएमसीच्या वर. १५ ऑगस्टच्या आत भरलं की खाली नगर जिल्ह्यात लोक खूश होतात, पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. खाली म्हणजे कुठे? हे पाणी प्रवरेतून निळवंडे धरणात जातं आणि पुढे कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतात. त्या पाण्यावर ऊस झाला, आणि १९५०च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आशियातला पहिला म्हणतात तो. म्हणजे तुम्ही ज्या पाण्याच्या काठावर तंबू टाकता, त्याने शंभर किलोमीटरवरची गावं श्रीमंत केली. काठावरच्या वाड्यांमध्ये मात्र मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि बायांना हंडा घेऊन लांब चालावं लागतं. समोर एवढं पाणी दिसत असताना! तुमच्या तंबूपाशी आंघोळीला दोन बादल्या गरम पाणी ठेवलेलं असतं ते कुणीतरी वाहून आणलेलं असू शकतं. उन्हाळ्यात एका बादलीत भागवा.

भिंतीखाली अंब्रेला फॉल आहे. धरणातून सोडलेलं पाणी गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं. पण पाणी सोडलं असेल तरच. पाटबंधारे खातं ठरवतं, इन्स्टाग्राम नाही. राजूरच्या बाजूला साधारण दहा किलोमीटरवरचा रंधा धबधबाही असाच, प्रवरेचं पाणी धरणातून किती सुटतंय त्यावर त्याचं रूप अवलंबून. ऐन ऑगस्टमध्ये बघितला तर छातीत धडधडतं. कठड्याच्या आत राहा.

आणि धरणात पोहू नका. जलाशयाच्या तळाशी जुनी शेतं, बांध, ओढ्याचे खड्डे आहेत, दोन पावलांत कमरेवरून डोक्यावर पाणी येतं. वाचवायला कुणी बसलेलं नसतं.

घाटघरचा कोकणकडा मात्र चुकवू नका. हरिश्चंद्रगडाचा वेगळा, हा वेगळा. आभाळ मोकळं असेल तर खाली सरळ कोकण दिसतं आणि बाजूला अलंग, मदन, कुलंगची रांग. इथेच घाटघरचा २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे आणि त्याची कल्पना मला फार आवडते. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरच्या तळ्यातलं पाणी खाली कोकणात चोंढ्याच्या तळ्यात सोडून वीज करायची, आणि रात्री वीज पडून असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. डोंगराएवढी पॉवर बँक समजा. प्रकल्पाच्या आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं.

साम्रदची सांदण दरी म्हणजे जमिनीला पडलेली भेग. दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे फुटांवर कातळ, मधे दगडधोंडे, सुरुवातीलाच कमरेएवढं गार पाणी. डिसेंबर ते मे हाच काळ. पावसाळ्यात अजिबात नाही, कारण वर कुठेतरी पडलेला पाऊस त्या भेगेतून एकदम येतो आणि बाजूला सरकायला जागाच नसते. वाटाड्याशिवाय जाऊ नका. जाताना बिस्किटाचे पुडे नेलेत तर कागद परत आणा, मी दरीत एवढे कागद पाहिले आहेत की कुठल्या कंपनीचं काय चालतं ते सांगू शकेन.

रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर. काळ्या दगडाचं, शिखरापर्यंत कोरलेलं, हजारेक वर्षांच्या घरातलं. गावात त्याला हेमाडपंती म्हणतात, जुन्या दगडी देवळाला आपण सरसकट तेच म्हणतो. शेजारी पुष्करणी आहे, कोनाड्यांमध्ये मूर्ती. मागे रतनगड, आणि प्रवरेचा उगम तिथलाच. गडावर दगडात आरपार भोक आहे, नेढं म्हणतात, त्यात बसून वारा खाण्यासाठी लोक चार तास चढतात. गड करायचा असेल तर आदल्या रात्री रतनवाडीत राहा आणि सकाळच्या न्याहारीचं रात्रीच सांगून ठेवा. कळसूबाईही याच भागात, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याचं बारी गाव घोटी-शेंडी रस्त्यावरच आहे. शनिवारी रात्री शिड्यांवर रांग लागते, आठवड्याच्या मधे जमलं तर बघा.

इथे एक नाव सांगायलाच हवं, राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातले, याच तालुक्यातल्या देवगावचे. सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठले आणि १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. विल्सन आणि आर्थर ही नावं आपल्याला पाठ असतात. जेवताना घरातल्या आजोबांना राघोजींबद्दल विचारा, जेवण लांबेल.

आता काजवे. मे महिन्याच्या शेवटापासून जोरदार पाऊस लागेपर्यंत, साधारण जूनच्या मध्यापर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे लखलखतात. अख्खं झाड एका तालात चमकतं, विझतं. ते कशासाठी, तर नर मादीला बोलावत असतो. पोटातलं एक रसायन ऑक्सिजनशी मिळून उजेड देतं, उष्णता जवळजवळ शून्य. प्रौढ काजव्याला आयुष्य मिळतं थोड्या आठवड्यांचं, तेवढ्यात जोडीदार शोधायचा. आणि आपण काय करतो? हजारो गाड्या त्या अरुंद रस्त्यावर, हेडलाइट, मोबाइलचा टॉर्च, फ्लॅश. त्या प्रकाशात मादीचा इशारा नराला दिसत नाही, संपलं. शिवाय बऱ्याच माद्या आणि अळ्या गवतात असतात, झाडाखाली गर्दी केली की पायाखाली जातात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६पासून. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं आणि रात्री प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, निघण्याआधी चौकशी करा.

माझा सल्ला, शनिवार-रविवार टाळा. ज्या गावात मुक्काम आहे तिथलंच झाड बघा, घरातला कुणीतरी चालत नेतो. उजेड बंद करा, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. फोनमध्ये ते नीट येतच नाही, कितीही महागाचा असो. आणि या दिवसांत जेवणाची वेळ आधीच ठरवा, कारण रात्री साडेनऊला ट्रॅफिकमधून सुटलेले चाळीस जण एकाच चुलीवर येऊन आदळतात. त्या रात्री कुणालाच चांगलं जेवण मिळत नाही, करणारीला तर नाहीच.

पैशांचं सांगायचं राहिलं. रोख ठेवा. क्यूआर कोड बऱ्याच घरांत लागलेत, पण रेंज नसेल तर कोड फक्त शोभेला. भाव आधी विचारा, ठरल्यावर घासाघीस नको. तंबूच्या पॅकेजमध्ये जेवण धरलेलं असतं तेव्हा हळूच चौकशी करा की त्यातले किती स्वयंपाक करणाऱ्या घराला जातात. काही ठिकाणी उत्तर छान असतं. काही ठिकाणी उत्तरच येत नाही, मग मी तिथे बुकिंग करत नाही.

येणं-जाणं सोपं आहे. मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथे हायवे सोडून उजवीकडे. रेल्वेने आलात तर इगतपुरीला उतरा, घोटीमार्गे एसटी किंवा जीप मिळते, शेवटची गाडी किती वाजता ते विचारून ठेवा. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर करत यावं. वाटेत भाताची बाजरी होताना किंवा उलटं, बाजरीचा भात होताना खिडकीतून दिसतो.

परतीला राजूरमार्गे गेलात तर पेढे घ्या, राजूरचे पेढे तालुक्यात नावाजलेले आहेत. या पट्ट्यातल्या डांगी गाईही रस्त्यात दिसतील, पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके. त्यांच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून एवढ्या पावसातही त्या टिकतात. आणि जिथे जेवलात तिथूनच दोन किलो काळभात मागून बघा. असला तर देतील, नसला तर पुढच्या दिवाळीनंतर या म्हणतील. घरी नेल्यावर नवा तांदूळ असेल तर पाणी नेहमीपेक्षा जरा कमी घाला, आणि शिट्ट्या मोजण्यापेक्षा उघड्या पातेल्यात शिजवा, वास घरभर जाऊ द्या.